मराठी मालिकांमधली हिंसा मोजायची कशी? (लघुप्रबंध, सातारा)

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. जनसंवादाच्या एम.ए.साठी लघुप्रबंध करते आहे, विषय 'मराठी वाहिन्यांवरील सायंकालीन मालिकांमधील हिंसाचार'. सध्याचा बेत असा: दोन वाहिन्या, संध्याकाळी ७ ते १०.३०, सलग एक आठवडा. कोडिंगला (म्हणजे भाग बघून ठरलेल्या रकान्यांत नोंदी करायला) मी आणि एक मैत्रीण. शिवाय सातारा तालुक्यातल्या १२० महिलांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, मालिका बघण्याचा आणि मनातल्या भीतीचा काही संबंध दिसतो का ते पाहायला. मुदत चार महिने.

अडलंय ते इथे:

एक थोबाडीत. कॅमेऱ्याचे तीन कोन, तीनदा दाखवली, मागे ढणढण संगीत. ही एक कृती की तीन? आणि दुसऱ्या दिवशी 'मागील भागात' म्हणून परत तीच दिसली तर?

टोमणे, कारस्थानं, सुनेला खोलीत कोंडणं, दुधात काहीतरी कालवणं यातलं हिंसेत काय धरायचं?

ऐतिहासिक मालिकेतली लढाई मोजायची का? मैत्रीण ठाम म्हणते, नाही.

गर्बनरचा हिंसा निर्देशांक काढू का? आणि सर म्हणतात 'कप्पा काढा' (दोघींच्या नोंदी योगायोग वगळून किती जुळतात तो आकडा), तो नेमका कशाकशावर काढायचा?

---

आकडेमोड

आधी व्याख्या, मग मोजणी. बहुतेक लघुप्रबंध उलट्या क्रमाने जातात आणि तोंडी परीक्षेत अडकतात.

जॉर्ज गर्बनर यांच्या गटाने १९६७ च्या हंगामापासून अमेरिकी मालिका मोजायला घेतल्या. त्यांच्या व्याख्येचा गाभा असा: शारीरिक बळाचा उघड वापर, शस्त्राने किंवा शस्त्राविना, स्वतःवर किंवा दुसऱ्यावर, किंवा इजेचा, जिवाचा धाक घालून मनाविरुद्ध काही करायला लावणं, किंवा प्रत्यक्ष इजा वा हत्या. म्हणजे कोयता रोखून 'सही कर' म्हणणं यात बसतं. 'बघून घेईन तुला' एवढंच म्हणून पाय आपटत निघून जाणं बसत नाही. आणखी एक मेख आहे. गर्बनर कथेतले अपघातही धरत असत. कथेत अपघात आपोआप होत नाही, लेखक तो घडवतो, असा त्यामागचा विचार. आपल्या मालिकांत गाडीचा ब्रेक निकामी करणारं कोणीतरी हमखास असतंच, तेव्हा हा नियम घ्यायचा की नाही ते पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

आता तुमची थोबाडीत. १९९४ ते १९९७ या हंगामांवर अमेरिकेत 'राष्ट्रीय दूरचित्रवाणी हिंसा अभ्यास' झाला, चार विद्यापीठांनी मिळून. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथल्या गटाने त्यात एकक ठरवलं ते असं: करणारा, कृती आणि ज्याच्यावर होते तो, ही तिघांची साखळी. यातलं एक जरी बदललं तरी नवं एकक सुरू. सासऱ्याने मुलाला तीन थोबाडीत मारल्या तर एक एकक. मग मुलाने सासऱ्याला ढकललं की दुसरं. मधे पडलेल्या आईला धक्का बसला आणि तो मुद्दाम दिलेला असेल तर तिसरं. कॅमेऱ्याचे कोन यात कुठेच येत नाहीत, म्हणून तीन कोन म्हणजे एकच कृती.

पण ते तीन कोन टाकूनही देऊ नका. 'पुनरावृत्ती' असा वेगळा रकाना करा (किती वेळा दाखवलं, मंदगतीत की नाही, ठळक पार्श्वसंगीत आहे की नाही). परदेशी कोडबुकात (नोंदी कशा करायच्या त्या नियमांच्या वहीत) हा रकाना मिळणार नाही आणि आपल्या मालिकांचं खरं वेगळेपण इथेच आहे. नुसती संख्या बघितली तर आपली मालिका सौम्य वाटते. तीच थोबाडीत पडद्यावर किती सेकंद टिकली ते मोजलं की चित्र फिरतं.

'मागील भागात' आणि 'पुढील भागात' मुख्य मोजणीतून वगळा, वेगळ्या तक्त्यात ठेवा. मागे घडलेलं आठवणीच्या रूपात परत दाखवलं तर 'जुनी कृती' अशी खूण करा. स्वप्न निघालं तरी कृती मोजायची, कारण प्रेक्षकाने ती पाहिली. फक्त 'स्वप्न' हा शेरा हवा.

---

माहुली

दुसऱ्या प्रश्नाचं. अमेरिकी व्याख्या जशीच्या तशी उचललीत तर मराठी मालिकांतली निम्मी क्रूरता हातातून निसटेल. सुनेचं शिक्षण तोडणं, पगार काढून घेणं, उपाशी ठेवणं, चारचौघांत पाणउतारा करणं यात बळाचा उघड वापर नसतो.

इथे अमेरिकेकडे बघायचंच कशाला? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियमाचं कलम ३ उघडा. त्यात चार प्रकार सरळ दिलेत: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, आणि आर्थिक छळ. पैसा अडवणं, स्त्रीधन विकून टाकणं, घरातल्या सोयी वापरू न देणं हे सगळं त्यात आहे. कोडबुकासाठी इतका तयार आणि इथल्या मातीतला आधार दुसरा सापडणार नाही. मार्गदर्शकही हरकत घेणार नाहीत, कारण व्याख्या तुमची नाही, संसदेची आहे.

मात्र शारीरिक हिंसा आणि बाकीचे प्रकार एका बेरजेत घालू नका. दोन स्वतंत्र तक्ते. नाहीतर 'दर भागात अमुक हिंसक कृती' असा आकडा छापला जाईल आणि त्यात खून आणि खवचट टोमणा शेजारी शेजारी बसतील.

कोंडून ठेवणं शारीरिक तक्त्यात. दुधात कालवणंही शारीरिक, दूध प्यायलं गेलं नाही तरी, पण निकालाच्या रकान्यात 'फसलेला प्रयत्न'. दोघींनी बसून नुसतं कारस्थान शिजवणं कशातच नाही. कृती होईल तेव्हा मोजा. टोमण्यांसाठी मात्र किमान पायरी आखा. 'आमच्यात असं नसतं हं' इतकं सगळं धरायला गेलात तर एका भागात पेनाची शाई संपेल.

---

हळदबाजार

लढाईच्या प्रश्नावर कोणीच बोललं नाही, आणि खरी मजा तिथेच आहे.

तुमची मैत्रीण 'नाही' म्हणते ते अज्ञानातून नव्हे. साताऱ्यात वाढलेल्या माणसाला मावळ्याची तलवार हिंसा वाटतच नाही, पराक्रम वाटतो. तिच्या जागी सांगलीचा कोणी बसवला तरी तेच होईल. पण व्याख्येत 'कोणत्या बाजूने' हा शब्द नाही. तलवार चालली, माणूस पडला, कृती मोजली. हिंसा शब्दाचा अर्थ इथे 'वाईट' असा नाही, एवढं कोडबुकाच्या पहिल्या पानावर ठळक लिहा. नाहीतर एकच कोडर गनिमाचा वार धरेल आणि आपला सोडेल, आणि ते तिला कळणारही नाही.

पराक्रमाची बाजू वाऱ्यावर सोडायची असंही नाही, तिची जागा संदर्भाच्या रकान्यांत आहे. त्या अमेरिकी अभ्यासाचं मोठं योगदान संख्येत नाही, याच रकान्यांत आहे: हिंसा करणारा आवडावा असा आहे का, कारण न्याय्य म्हणून दाखवलंय का, शस्त्र कोणतं, रक्त किती दिसतं, वेदना दिसतात का, शिक्षा होते की शाबासकी, विनोदात गुंडाळलंय का, खरं वाटावं असं आहे का. त्यांना हिंसेच्या सुमारे ७३ टक्के प्रसंगांत करणाऱ्याला त्या प्रसंगात शिक्षा झालेली दिसली नाही. हिंसा असलेल्या कार्यक्रमांपैकी जेमतेम ४ टक्क्यांत हिंसाविरोधी सूर ठळक होता. नायकाने केलेली, समर्थनीय वाटणारी, वेदना न दाखवलेली हिंसा मुलं जास्त उचलतात, या आधीच्या प्रयोगांमधल्या निष्कर्षावर हे रकाने उभे आहेत. म्हणून लढाई वगळली तर सगळ्यात महत्त्वाचा नमुनाच वगळला जातो.

अडचण एकच. दोनशे सैनिकांच्या गर्दीत करणारा-कृती-झेलणारा ही साखळी तुटते. तिथे 'गट विरुद्ध गट' असं एकच एकक धरा. नाव असलेलं पात्र गर्दीतून पुढे येऊन वार करतं तेव्हाच नवं. हा नियम नसेल तर एका लढाईत तुम्हाला ४ आणि मैत्रिणीला ३१ कृती सापडतील.

शिक्षेच्या रकान्याचा आपल्याकडे एक वेगळाच घोळ होतो. अमेरिकी भाग बहुधा स्वतःपुरता पूर्ण होता, आपली खलनायिका सहा महिन्यांनी पकडली जाते. तेव्हा 'त्याच प्रसंगात', 'त्याच भागात' आणि 'नमुन्यातल्या पुढच्या भागात' असे तीन रकाने ठेवा. शेवटचा बराचसा रिकामा राहील, राहू द्या.

---

कोयनाकाठ

खूप आभार सगळ्यांचे. कलम ३ ची कल्पना सरांना सांगितली, लगेच पटली. गर्दीचा नियमही घेतला. आम्ही गंमत म्हणून एका भागाचं १०-१० सेकंदांचे तुकडे पाडून कोडिंग करून पाहिलं, 'हिंसा आहे / नाही' इतकंच. ८५ टक्के जुळलं. मग कप्प्याची गरज काय?

---

आकडेमोड

गरज इथेच आहे. २०० तुकडे होते असं धरू. दोघींनी 'आहे' म्हटलं २०, दोघींनी 'नाही' म्हटलं १५०, फक्त तुम्ही 'आहे' म्हटलं १८, फक्त तिने म्हटलं १२. जुळले १७०, म्हणजे ८५ टक्के.

आता योगायोग काढा. तुमचे 'आहे' ३८, म्हणजे ०.१९. तिचे ३२, म्हणजे ०.१६. दोघींनी डोळे मिटून त्याच प्रमाणात खुणा केल्या असत्या तर जुळणी झाली असती ०.१९ × ०.१६ अधिक ०.८१ × ०.८४, म्हणजे ०.७११. कप्पा = (०.८५ − ०.७११) ÷ (१ − ०.७११) = ०.४८. बहुतेक तुकड्यांत काही घडतच नाही, त्यामुळे 'नाही, नाही' म्हणत गेलं तरी ७१ टक्के आपोआप जुळतात. खऱ्या कसोटीचे तुकडे पन्नास, त्यात जुळले वीस.

क्रिपेनडॉर्फ यांचा अल्फा (कप्प्यासारखाच जुळणीचा आकडा) घेतलात तर आणखी बरं. दोनापेक्षा जास्त कोडर आणि रिकाम्या नोंदी दोन्ही त्यात चालतात. त्यांचा दंडक असा: ०.८० च्या वर निर्धास्त, ०.६६७ ते ०.८० मध्ये निष्कर्ष जपून, त्याखाली तो रकानाच टाका. हो, अख्खा रकाना. बेरीज करून एक सरासरी कप्पा छापण्याची जी पद्धत पडलीय ती चुकीची आहे. 'शस्त्र' हा रकाना ०.९५ येतो आणि 'न्याय्य कारण' ०.५०, सरासरी छान दिसते आणि नेमका ज्यावर प्रबंध उभा आहे तो रकाना कच्चा राहतो.

क्रम असा ठेवा. आधी नमुन्याबाहेरचे पाच-सहा भाग दोघींनी एकत्र बसून, भांडत, कोडबुक सुधारत. मग कोडबुक बंद. मग खऱ्या नमुन्यातले १५ ते २० टक्के भाग दोघींनी स्वतंत्रपणे, एकमेकींना न विचारता. त्यावर प्रत्येक रकान्याचा कप्पा. मतभेद मिटवायचे ते हा आकडा काढल्यावर, आधी नाही. निम्मं काम झालं की दोन-तीन भाग पुन्हा दोघींनी करा, कारण महिनाभर रोज मारामारी बघून नजर सैल होते आणि सुरुवातीला जे 'गंभीर' वाटत होतं ते 'किरकोळ' वाटायला लागतं.

एकक पाडण्यातही जुळणी तपासायची असते: तुम्हाला ११ कृती सापडल्या, तिला १४. समान सापडलेल्या ९ असतील तर २ × ९ ÷ (११ + १४) = ०.७२. हा आधी, रकान्यांचा कप्पा नंतर.

गर्बनर निर्देशांक काढा, पण सुटा आकडा म्हणून मिरवू नका. सूत्र: हिंसा असलेल्या कार्यक्रमांची टक्केवारी, अधिक दर कार्यक्रमामागच्या कृतींची दुप्पट, अधिक दर तासामागच्या कृतींची दुप्पट, अधिक हिंसेत करणारा वा झेलणारा म्हणून गुंतलेल्या प्रमुख पात्रांची टक्केवारी, अधिक हत्येत गुंतलेल्यांची टक्केवारी. समजा २८ भाग, प्रत्येकी २२ मिनिटं, १२ भागांत हिंसा, एकूण ३५ कृती. पहिलं पद ४२.९, दुसरं २ × १.२५ = २.५, तिसरं २ × ३.४१ = ६.८. प्रमुख पात्रं १४०, त्यात गुंतलेली ३१ म्हणजे २२.१, हत्येत ३ म्हणजे २.१. बेरीज ७६.५ च्या आसपास. ७६.५ काय? रुपये नव्हेत, टक्के नव्हेत. वेगवेगळ्या जातीच्या संख्या एकत्र घातल्याची टीका या सूत्रावर पहिल्यापासून होत आली आहे. पाची पदं वेगळी छापा, बेरीज तळाशी.

---

माहुली

कोडिंगचं एवढं बोललात, नमुन्याचं राहिलं. सलग आठवडा नको. मालिकेत लग्नाचा आठवडा असतो, अपहरणाचा असतो, आणि मधे एखादा दोन तासांचा महाएपिसोड येतो. तुमचा आठवडा अपहरणात सापडला की निष्कर्ष गेला. आठ-दहा आठवड्यांतून चिठ्ठ्या टाकून एक सोमवार, एक मंगळवार असा आठवडा रचा, आणि असे दोन रचा. 'दोन रचित आठवडे पुरतात' हे वाक्य मात्र संदर्भ म्हणून चिकटवू नका. ते १९९३ च्या एका अभ्यासातून आलं आणि तो वर्तमानपत्रांबद्दल होता. मालिकेचे भाग एकमेकांत गुंतलेले असतात.

---

हळदबाजार

आता प्रश्नावली. इथे मी थोडा कडक बोलणार आहे.

मोजणी सांगते की पडद्यावर काय दिसलं. त्यातून 'परिणाम' निघत नाही, कितीही कप्पा आला तरी. तुम्ही वाक्य जपून लिहिलंय, पण १२० जणींवर तेही साधणार नाही. जास्त टीव्ही बघणाऱ्यांना जग जास्त धोक्याचं वाटतं, हे गर्बनर यांचं म्हणणं. मॉर्गन आणि शानाहन यांनी १९९७ मध्ये या धाटणीचे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा सरासरी सहसंबंध निघाला ०.०९ च्या आसपास. एवढा बारीक संबंध ८० टक्के खात्रीने पकडायला साधारण ९७० उत्तरं लागतात. १२० मध्ये ०.२५ च्या खालचं काही दिसणं कठीण. म्हणजे 'संबंध आढळला नाही' असं लिहाल, आणि त्याचा अर्थ 'संबंध नाही' असा होत नाही. त्यात पॉल हिर्श यांनी १९८० मध्येच दाखवलं होतं की वय, शिक्षण, वस्ती वगैरे गोष्टी एकाच वेळी आवरल्या की गर्बनर यांच्याच आकड्यांतला संबंध बराचसा विरून जातो.

त्यापेक्षा प्रश्न बदला. मोजलेल्या नमुन्यातले सहा-आठ प्रसंग निवडा (लढाई, थोबाडीत, कोंडणं, पगार काढून घेणं, चारचौघांत पाणउतारा) आणि ६० जणींना दाखवून विचारा: ही हिंसा आहे का, किती गंभीर, जिने केली ती बरोबर होती का. कोडरची नजर आणि बघणारीची नजर यांत अंतर कुठे पडतं ते दिसेल. हे चार महिन्यांत होतं, आणि याला १२० सुद्धा लागत नाहीत.

प्रसंग दाखवायचा क्रम प्रत्येकीला वेगळा. सासू शेजारी बसलेली असताना सुनेला विचारायचं नाही, उत्तर सासूच देते. आणि एखादी मधेच गप्प झाली तर थांबा, प्रसंग तिच्या घरातला असू शकतो. महिला हेल्पलाइन १८१ चा कागद सगळ्यांनाच द्या, एकीलाच दिला तर गावात बोभाटा होतो.

ऊस तोडणीच्या हंगामात दुपारी कोणी भेटत नाही, संध्याकाळी मालिका सुरू झाल्यावर कोणी बोलत नाही. सकाळी ११ ते १ बघा. आणि पुढे कधी जत तालुक्यात न्यायचं ठरलं तर आधी विचारून घ्या, तिकडे बऱ्याच घरांत कन्नड वाहिन्या चालतात.

---

आकडेमोड

मुलं यात आणणार असाल तर १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची लेखी संमती, शिवाय मुलाची स्वतःची हो. शाळेत जायचं तर मुख्याध्यापकांचं पत्र आधी. चार महिन्यांत हे बसत नाही, मी वगळेन.

---

कोयनाकाठ

मुलं नाहीतच. प्रसंग दाखवण्याची कल्पना घेते, प्रश्नावली सोडते. शेवटचं विचारते: भाग ॲपवरून बघू की टीव्हीवरून रेकॉर्ड करू?

---

माहुली

ॲपवर आवृत्ती वेगळी असू शकते. जाहिराती नसतात, 'पुढील भागात' कधी कापलेलं असतं, लांबी दोन-तीन मिनिटांनी हलते. त्यामुळे दर तासाचा हिशोब दोन्हीकडे वेगळा येतो. एकच स्रोत ठरवा आणि शेवटपर्यंत तोच. ॲप घेतलंत तर भागावरचा वयाचा शिक्काही नोंदवा (२०२१ च्या नियमांपासून ऑनलाइन आशयाला यू, यूए ७+, १३+, १६+, ए असे गट आहेत). टीव्हीवर तो शिक्का नसतो, ही तुलना फुकटात मिळते. डीटीएचच्या पेटीत रेकॉर्ड केलेलं सहसा संगणकावर नेता येत नाही, आणि पेटी बदलली की सगळं गेलं.

नोंदींसाठी 'एलान' नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्थेचं. चित्रफितीखाली करणारा, कृती, झेलणारा अशा पट्ट्या आखता येतात, देवनागरी चालते, सेकंदांसह तक्ता बाहेर काढता येतो. पण त्याला फाईल हातात लागते. ॲपवर नुसतं बघणार असाल तर एक्सेलमध्ये वेळ हाताने लिहायची. सुरुवातीला २२ मिनिटांच्या भागाला दीड-दोन तास धरा, हात बसल्यावर तासाभरात होतो. दोन रचित आठवडे, दोन वाहिन्या, सोमवार ते शनिवार, रोज सात भाग म्हटले तर १६८ भाग होतात. दोघींना झेपणार नाही. एक वाहिनी करा, किंवा ८ ते ९.३० एवढीच पट्टी घ्या.

---

कोयनाकाठ

८ ते ९.३०, दोन्ही वाहिन्या, ७२ भाग. सोमवारी सरांना दाखवते. मैत्रीण अजून म्हणतेय की लढाई हिंसा नाही. तिला कोडबुकाचं पहिलं पान लिहायला दिलंय.